चावीच्या पत्र्याच्या खेळण्यांचा संग्रह: ठाण्याच्या दमट हवेत सुरुवात कशी करावी

पत्र्याच्या जुन्या खेळण्यात दोन गोष्टी असतात. बाहेर छपाई आणि आत यंत्र. यंत्र बंद पडलं तर चांगला घड्याळजी ते पुन्हा चालू करू शकतो. छपाई एकदा गेली की जगातला कुठलाही कारागीर ती परत आणू शकत नाही. वरून रंग लावता येतो, पण मग ते रंगवलेलं खेळणं होतं, जुनं राहत नाही. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याने एवढं मनात पक्कं धरलं तर काय घ्यायचं, कसं पुसायचं, कुठे ठेवायचं, असे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात.

बहुतेक जण सुरुवात उलट्या बाजूने करतात. बाजारात जातात, चावी फिरवतात, खेळणं चाललं की खूश होतात, घरी आणून शोकेसमध्ये ठेवतात. जून ते सप्टेंबर गेले की दसऱ्याच्या साफसफाईत त्यावर तांबूस ठिपके दिसतात. म्हणून ठाण्यात राहणाऱ्याला माझं सांगणं असं की खरेदीच्या आधी जागेची तयारी करा.

आधी कपाट

ही खेळणी टिनप्लेटची, म्हणजे पोलादाच्या पातळ पत्र्यावर दोन्ही बाजूंनी कथलाचा अगदी बारीक थर दिलेली. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथील. या थरावर शिळेवरून किंवा नंतरच्या काळात ऑफसेट पद्धतीने रंग छापायचे, मग पत्रा साच्यात दाबून आकार द्यायचा, असा क्रम होता. म्हणजे छपाई सपाट पत्र्यावर आधी होते आणि वळणं नंतर येतात. जिथे पत्रा वळतो त्या कडांवर रंग ताणलेला असतो आणि तो तिथेच सगळ्यात आधी जातो.

कथलाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. बादलीच्या पत्र्यावर असतो तो जस्ताचा थर ओरखडा पडला तरी स्वतः झिजून खालचं लोखंड वाचवतो. कथलाचं उलटं आहे. त्याला ओरखडा पडून पोलाद उघडं पडलं आणि ओल मिळाली की पोलाद उलट लवकर गंजतं. हा गंज छपाईच्या खालून पसरतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस त्याचा पापुद्रा सुटून येतो. नखाएवढ्या ओरखड्यातून होणारं नुकसान म्हणूनच त्या ओरखड्यापेक्षा कितीतरी मोठं असतं.

धातूच्या वस्तू साठ टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रतेत ठेवल्या की गंज वेगाने वाढतो. पन्नासच्या आसपास किंवा खाली राहिलं तर निश्चिंत. ठाण्यात पावसाळ्यात खिडकी उघडी असेल तर घरातला आकडा ऐंशीच्या वर सहज जातो. तेव्हा पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करा. छोटे डिजिटल मिळतात, महाग नसतात. तो खोलीत नको, ज्या कपाटात खेळणी राहणार त्या कपाटाच्या आत ठेवा आणि काही आठवडे नुसता आकडा बघा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आणि आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट यांत किती फरक पडतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल. नौपाडा, चरई, उथळसरच्या जुन्या इमारतींत पश्चिमेकडच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. तिथे कपाट नको.

काच लावलेलं लोखंडी कपाट उत्तम. नवीन प्लायवूड आणि एमडीएफमधून बराच काळ आम्लधर्मी वाफ निघत असते आणि बंद कपाटात ती धातूला लागते, त्यामुळे नवं फर्निचर करून घेतलं असेल तर काही महिने दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत टाळा, फोडणीची तेलकट वाफ रंगावर बसते आणि त्यावर धूळ चिकटते. उन्हाची तिरीप येते तीही जागा नको. लाल आणि पिवळा रंग उन्हात फिका पडतो आणि परत येत नाही.

कपाटाच्या फटी बंद होत नसतील तर झाकण घट्ट बसणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे घ्या आणि आत सिलिका जेल ठेवा. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. ओल शोषली की ते हिरवट होतं, मग ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. निळ्या दाण्यांच्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, घरात तो नको. डांबरगोळ्या तर अजिबात टाकू नका. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते आणि बऱ्याच खेळण्यांची चाकं किंवा डोकी प्लॅस्टिकची असतात.

कुठला धागा धरायचा

सगळंच जमवायला निघालेला माणूस लवकर दमतो. एखादा देश, एखादा काळ किंवा एखादा विषय धरा. त्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा.

पत्र्याच्या खेळण्यांचं माहेरघर म्हणजे जर्मनीतलं न्यूरेंबर्ग. बिंग या खेळणी कंपनीचा प्रचंड कारखाना तिथलाच. शुको ही कंपनीही तिथेच १९१२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या चावीच्या मोटारी यंत्रकामासाठी आजही नावाजल्या जातात. लेहमान १८८१ पासूनचे, ब्रांडेनबुर्ग गावचे. त्यांच्या खेळण्यांत माणसं, गाढवं, गाड्या अशा काही गमतीने हलतात की एक तरी जवळ असावं असं वाटतंच. अमेरिकेत लुई मार्क्सने १९१९ मध्ये कंपनी काढली आणि स्वस्त, भडक, भरपूर खेळणी बाजारात आणली. इंग्लंडमध्ये मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या सुरू केल्या, रुळांतलं अंतर ३२ मिलिमीटर.

जपानची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर देश उद्ध्वस्त झालेला, कच्चा माल नाही. अशा वेळी १९४५ च्या डिसेंबरमध्ये कोसुगे नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यातून अमेरिकी जीपची छोटी प्रतिकृती केली आणि ती हातोहात खपली. पुढच्या वीस वर्षांत याच उद्योगाने जगाला यंत्रमानव, अग्निबाण, विमानं, ढोल वाजवणारी अस्वलं दिली. योकोहामात तेरुहिसा किताहारा यांनी १९८६ मध्ये पत्र्याच्या खेळण्यांचं संग्रहालय उघडलं. त्यातल्या वस्तूंची छायाचित्रं बघत एक संध्याकाळ घालवा. नजर तयार करण्याचा तो सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे.

आपल्याकडच्या घरांत काय सापडतं? कुणी परदेशातून आणलेली जपानी खेळणी, थोडी रशियन, आणि भरपूर चिनी. उडी मारणारा हिरवा बेडूक, दाणे टिपणारी कोंबडी ही मंडळी चिनी, तळाशी बहुधा ‘एमएस’ आणि क्रमांक छापलेला. हा बेडूक आणि कोंबडी नंतरही बनत राहिले, म्हणून ते दिसले की जुनेच असतील असं धरू नका. तरी शिकायला तेच घ्या. यंत्र साधं आहे, सुटं मिळतं, आणि चुकलं तरी जीव हळहळत नाही. भारतात बनलेली पत्र्याची खेळणीही शोधा. मेणबत्तीवर फटफट आवाज करत परातीतल्या पाण्यात गोल फिरणारी आगबोट चावीची नसली तरी त्याच कुळातली. जत्रेत विकत घेतल्याचं कित्येकांना आठवतं, पण जपून ठेवणारे फार थोडे, आणि म्हणूनच माझ्या मते भारतीय खेळण्यांचा संग्रह करायला आज मोठा वाव आहे. परदेशी संग्राहकांच्या याद्यांत यांची नोंद तुटपुंजी आहे. ती आपणच करायला हवी.

ठाणेकराला आणखी एक धागा आयता मिळतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. आगगाडीवरच संग्रह उभा करायचा ठरवलं तर हॉर्नबीपासून चिनी शिट्टीवाल्या इंजिनापर्यंत सगळं एका सूत्रात येतं. हॉर्नबी घेताना मात्र ओतीव चाकं आणि सुटे भाग भिंगाखाली पाहा. जस्ताच्या मिश्रधातूचे हे भाग मूळ ओतकामात अशुद्धी राहिल्याने आतून फुगतात, तडकतात आणि शेवटी भुगा होतात. त्यावर उपाय नाही.

शोध घ्यायचा तो माळ्यावर

ठाण्यात सध्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे. नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोडच्या आसपास चाळीस-पन्नास वर्षं राहिलेली कुटुंबं भाड्याच्या घरात जाताना माळे रिकामे करतात. पितळेच्या भांड्यांची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. पत्र्याची गाडी मात्र रद्दीबरोबर जाते. तुमच्या ओळखीतली कुठलीही सोसायटी रिकामी व्हायच्या बेतात असेल तर आधीच शब्द टाकून ठेवा. “काकू, माळ्यावरची ट्रंक भंगारात द्यायच्या आधी एकदा मला बघू द्याल का? जुनी चावीची खेळणी असली तर मी जपून ठेवतो,” एवढं पुरतं. त्यांच्याकडून उत्तर बहुधा असं येतं की “आमच्या ह्यांची एक मोटार होती खरी, पण तिची चावी कधीच हरवली.” चावी हरवली म्हणून वस्तू टाकाऊ ठरत नाही, हे त्यांना सांगा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. वस्तू मोलाची असेल तर घरच्यांना खरं सांगा. “ही साधी नाही, जुनी जर्मन आहे, हिला एवढी किंमत येऊ शकते,” असं स्पष्ट बोलून मग व्यवहार करा. वयस्कर माणसांना फसवून आणलेली वस्तू कपाटात शोभत नाही. शिवाय खरं बोलणाऱ्याला पुढची दहा घरं तेच लोक दाखवतात.

भंगारवाल्याशी ओळख ठेवायची तर नियमित जा आणि छोटं काहीतरी घेत राहा. वागळे इस्टेट आणि कळव्याच्या बाजूला भंगाराची गोदामं आहेत. तिथे पत्रा वजनावर तोलला जातो, दाबला जातो आणि जातो. “खेळण्यातला पत्रा बाजूला काढून ठेवा, वजनाच्या दुप्पट देतो,” असं सांगून ठेवलं की माल दाबला जात नाही.

चोर बाजारात जायचं तर ठाण्याहून जलद लोकलने भायखळा किंवा धिम्या लोकलने सँडहर्स्ट रोड, तिथून पुढे चालत किंवा टॅक्सीने. जुन्या वस्तूंची दुकानं मटन स्ट्रीटवर आहेत. त्यांतली बहुतेक शुक्रवारी बंद असतात, तेव्हा रस्त्यावर पथारीचा जुना बाजार पहाटेपासून भरतो. दुकानात वस्तू निवडलेली आणि भाव चढा, रस्त्यावर सगळं मिसळलेलं. पहिल्या एक-दोन खेपांना पैसे न्यायचेच नाहीत, नुसतं हाताळून बघायचं, असं ठरवलं तर घाई होत नाही. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईपेक्षा तिथली घासाघीस निवांत असते.

परदेशातून ऑनलाइन मागवण्याचा मोह आवरा, निदान सुरुवातीला. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह बंधनकारक झालं, जे साठ वर्षांपूर्वीच्या खेळण्यावर असणं शक्यच नाही. पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं, हे धरूनच पैसे लावा.

हातात घेतल्यावर

चावीला हात लावू नका. विक्रेता फिरवून दाखवायला लागला तर “थांबा, आधी बघतो” म्हणा. सत्तर वर्षांच्या वाळक्या वंगणावर एकदम पूर्ण चावी दिली की दाते तुटतात.

खिशात एक दहापट भिंग, छोटा चुंबक आणि टॉर्चसाठी मोबाइल ठेवा. उजेड तिरपा पाडून छपाई पाहा. सरळ उजेडात चकचकीत दिसणारा पत्रा तिरप्या उजेडात सगळं बोलतो: पोचे, नंतर मारलेला रंग, सुटू लागलेले पापुद्रे. बारीक ओरखडे आणि कडांवरची झीज ही वयाची खूण आहे, ती चालते. उठावदार फोड दिसले तर खाली गंज जिवंत आहे असं समजा. बोट हलकं फिरवल्यावर नारिंगी भुकटी लागली तरीही तेच. गडद तपकिरी, घट्ट, कोरडा डाग त्या मानाने शांत असतो.

मग कान पाहा. या खेळण्यांचे भाग स्क्रूने जोडत नसत. एका पत्र्याची छोटी जीभ दुसऱ्याच्या फटीतून काढून दुमडलेली असते, तिला आपले कारागीर कान म्हणतात. मूळ कान एकदाच दुमडलेला, सपाट, शांत दिसतो. पुन्हा उघडलेल्या कानाच्या वळणावर रंग तडकलेला असतो, पकडीचे दात उमटलेले असतात, एखादा कान तुटून तिथे डाग दिलेला असतो. उघडलेलं खेळणं वाईटच असतं असं नाही, पण ते का उघडलं होतं हे विचारा आणि भाव त्याप्रमाणे ठरवा.

चुंबक सगळीकडे फिरवा. पत्रा पोलादाचा, म्हणून तो सर्वत्र सारखा ओढला पाहिजे. एम-सील भरून वर रंग दिलेल्या जागी चुंबक ढिला पडतो.

त्यानंतर तळ. काळ ओळखायला तळावरच्या खुणांसारखं साधन नाही. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून मूळ देश छापलेली खेळणी साधारण त्यानंतरची. ‘डीआरजीएम’ म्हणजे जर्मन साम्राज्यातली रचनेची नोंदणी, युद्धापूर्वीच्या जर्मन मालावर ती दिसते. ‘यूएस झोन जर्मनी’ असेल तर १९४५ नंतरची मोजकी वर्षं, ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर त्यापुढची. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ ही खूण १९४७ ते १९५२ च्या दरम्यानची आणि संग्राहकांची आवडती. जपानी कारखाने अक्षरांवरून ओळखतात: ‘टीएन’ म्हणजे नोमुरा, ‘टीएम’ म्हणजे मासुदाया, ‘वाय’ म्हणजे योनेझावा, ‘एसएच’ म्हणजे होरिकावा. ‘लाइनमार’ लिहिलेलं असेल तर ते मार्क्सने जपानमध्ये करून घेतलेलं. लेहमानच्या शिक्क्यात दाबयंत्राच्या चित्रात ‘ईपीएल’ अक्षरं गुंफलेली असतात.

सुटे भाग मोजा. माणसाच्या हातात काहीतरी होतं का, गाडीचा चालक आहे का, पुढचा दिवा, शेपूट, टोपी. तळाशी रिकाम्या फटी दिसल्या तर तिथे काहीतरी होतं, हे नक्की. अशा वेळी त्याच खेळण्याचं पूर्ण छायाचित्र मोबाइलवर शोधा आणि मगच भाव बोला. डोकं किंवा हात सेल्युलॉइडचे असतील तर हलका कापरासारखा वास येतो. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं आणि जुनं होताना आम्ल सोडतं, शेजारच्या पत्र्याला त्यानेच गंज चढतो. ते कायम वेगळ्या, हवेशीर जागी ठेवायचं.

सगळं पाहून झालं की शेवटी चावी. चाकं हाताने धरून अर्धा फेरा द्या. टिकटिक किंवा करकर आवाज येऊन अडलेपणा जाणवला तर कमान, म्हणजे चावीने ताणली जाणारी आतली पोलादी पट्टी, शाबूत आहे. चावी मोकळीच फिरत राहिली तर कमान तुटली आहे किंवा आतल्या आकड्यातून निसटली आहे. चावी फिरतच नसेल तर विक्रेता म्हणेल, “जास्त चावी दिली म्हणून अडकलंय.” नुसती जास्त चावी दिल्याने यंत्र सहसा अडकत नाही. वंगण सुकून गोंदासारखं झालेलं असतं किंवा एखादा दाता फसलेला असतो. हे सगळे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. छपाई सुंदर असेल तर बंद खेळणं जरूर घ्या, उलट चालणारं पण रंग उडालेलं खेळणं सोडून द्या. माझं मत या बाबतीत ठाम आहे.

नक्कल ओळखणं

नवीन बनवलेलं खेळणं जुनं म्हणून विकलं जातं, आणि ते ओळखणं फार कठीण नाही. सीई हे युरोपातलं आधुनिक सुरक्षा-चिन्ह, बारकोड, संकेतस्थळाचा पत्ता किंवा ‘मुलांसाठी नाही, संग्राहकांसाठी’ अशी ओळ असली तर प्रश्नच मिटला. ती ओळ खरवडून टाकलेली असेल तर तळावर गोल घासलेला भाग दिसतो. फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. भिंगातून जुन्या छपाईत सपाट, दाट रंगांचे थर दिसतात. जुन्या खेळण्याचा फोटो काढून छापलेल्या नकलेत बारीक ठिपक्यांची चार रंगांची जाळी दिसते, अगदी ठळक रेषांतसुद्धा.

खोका जुना सांगत असतील तर अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत आणि ती १९५० च्या सुमारास सर्रास वापरात आली. म्हणजे युद्धापूर्वीचा खोका असा चमकणार नाही. खऱ्या खोक्याने किंमत बरीच वाढते, म्हणूनच खोक्यांच्या नकलाही बनतात.

भावाबद्दल थोडकंच सांगतो. ऑनलाइन मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती बघा. विक्रीच्या संकेतस्थळांवर त्या वेगळ्या गाळून पाहता येतात. एकाच खेळण्याच्या पाच विक्री पाहिल्या, खोक्यासह आणि खोक्याशिवाय, तर अंदाज येतो.

साफ करताना

आपल्या घरांत जुनी वस्तू आली की चिंच, लिंबू, रांगोळी किंवा पितांबरी घेऊन घासायची सवय आहे. ते सगळं पितळ-तांब्यासाठी. पत्र्याच्या छपाईवर यांतलं काहीही लागू नये. आम्लाने कथील आणि रंग दोन्ही जातात, भुकटीने चमक कायमची मरते. गंज काढण्याची बाटलीतली रसायनंही तशीच.

आधी मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घेऊन फटीतली धूळ बाहेर झटका. बहुतेक खेळण्यांना एवढंच पुरे असतं. चिकट थर राहिलाच तर कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पिळा, जवळजवळ कोरडी करा आणि तळाशी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडीशी फिरवा. कापसावर रंग आला तर तिथेच थांबा. लाल रंग सगळ्यांत आधी सुटतो. रंग आला नाही तर छोटा छोटा भाग घेत पुढे जा आणि प्रत्येक भाग लगेच कोरड्या कापडाने टिपा. पाणी कानांच्या फटीत शिरू देऊ नका, आतून गंजेल आणि तुम्हाला दिसणारही नाही. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात.

आत न छापलेल्या पत्र्यावर नारिंगी गंज असेल तर लाकडी दातकोरणीच्या टोकाला शिलाई मशीनचं तेल लावून हलकं खरवडा आणि कापसाने टिपून घ्या. छापलेल्या बाजूचा गंज खरवडू नका. कोरड्या जागी ठेवलं की तो तिथेच थांबतो, आणि तेवढं पुरे. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अतिशय पातळ हात दिल्याने ओलीपासून आडोसा मिळतो. पण रंगाची चाचणी आधी केली असेल तरच, आणि पापुद्रे सुटलेल्या जागी मुळीच नाही.

काम झाल्यावर हात साबणाने धुवा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. याच कारणाने लहान मुलांच्या हाती ही खेळणी खेळायला देऊ नयेत. कडाही धारदार असतात. मुलांना दाखवायचं असेल तर आपण धरून दाखवावं.

यंत्र

यंत्र उघडण्याआधी हे समजून घ्या की आतली कमान म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी आहे. ताण असताना ती सुटली तर बोट कापते. चावी पूर्ण उतरलेली आहे याची खात्री होईपर्यंत काही उघडू नका, आणि उघडताना कमानीभोवती तार बांधा.

बऱ्याचदा उघडायची गरजच पडत नाही. सुकलेलं वंगण मोकळं करायला सुईच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन दातेरी चक्रांच्या आसांवर, फक्त आसांवर, सोडा. रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी चाक हाताने पुढे-मागे हलवा, मग पाव फेरा चावी द्या. खोबरेल तेल वापरू नका. हिवाळ्यात ते गोठतं आणि पुढे चिकट होतं. फवारा मारायची तेलंही नकोत, ती छपाईवर उडतात आणि उडून गेल्यावर चिकट थर मागे ठेवतात.

कमान तुटली असेल तर ती बहुधा टोकाशी तुटते. घड्याळजी ते टोक ज्योतीवर लाल करून मऊ करतात, नवीन आकडा वळवतात किंवा भोक पाडून पुन्हा अडकवतात. कमान थोडी आखूड होते, खेळणं थोडं कमी चालतं, इतकंच. भिंतीवरची लंबकाची घड्याळं दुरुस्त करणारे हात ठाण्यात अजून आहेत, स्टेशन रोड आणि गोखले रोडच्या गल्ल्यांत विचारलंत तर सापडतील. त्यांच्याकडे देताना एकच विनंती ठळकपणे करा: “यंत्राचं जे करायचं ते करा, पण पत्रा पेट्रोलने धुऊ नका आणि पॉलिश करू नका.” ते प्रेमापोटी चमकवून देतात, म्हणून आधीच सांगावं. कान किती वेळा वाकवता येतात यालाही मर्यादा आहे. दोन-तीनदा उघड-बंद केलं की पत्रा थकून तुटतो, त्यामुळे सगळी कामं एकाच वेळी करून घ्या.

वर्षभराचं वेळापत्रक

मे संपायच्या आत जेल तापवून ताजं करा, डब्यांची झाकणं तपासा, प्रत्येक खेळण्याची चावी पूर्ण उतरू द्या आणि मगच ठेवा. ताणलेली कमान महिनोन्महिने ठेवली की ती दम हरवते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदात आम्ल असतं आणि शाई छपाईवर उतरते. धुतलेलं, कोरडं सुती कापड चांगलं.

पावसाळ्यात डबे उघडायचे टाळा. एसीच्या खोलीतून थंड झालेलं खेळणं एकदम बाहेरच्या दमट हवेत आणलं तर त्यावर दव धरतं, म्हणून बघायचंच असेल तर त्याच खोलीत बघा. आर्द्रतामापक मात्र आठवड्याला पाहा. नवरात्राच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागली की सगळं बाहेर काढा, भिंगाने एकेक कड तपासा, पाव-अर्धी चावी देऊन थोडं चालवा. यंत्रालाही हालचाल लागते.

तपासणीच्या दिवशीच वही पूर्ण करा. प्रत्येक खेळण्याला क्रमांक द्या. तो दोऱ्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहा, पत्र्यावर चिकटपट्टी लावू नका. वहीत लांबी-रुंदी, तळावरच्या खुणा जशाच्या तशा, कुणाकडून कुठे मिळालं, काय दिलं, काय दुरुस्त केलं, आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत लिहा. “दादरच्या दुकानातून आजोबांनी दिवाळीला आणलं होतं,” ही ओळ कुठल्याही शिक्क्यातून मिळत नाही आणि सांगणारी माणसं गेली की कायमची जाते. चारी बाजूंनी आणि तळाचा फोटो काढा. पुढच्या वर्षी ठिपका जुना की नवा हे त्या फोटोवरूनच ठरतं.

शंभर वर्षांहून जुनं काही हाती लागलं, आणि जुन्या जर्मन खेळण्यांत ते शक्य आहे, तर १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याकडे लक्ष द्या. शंभर वर्षं झालेल्या वस्तू या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी संग्राहकाने विचारणा केली तर वस्तूचा काळ आधी नीट ठरवा, पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं का ते पाहा, आणि तोवर आगाऊ पैसे घेऊ नका.